हात लागला की खेळायचं

४ जानेवारी, रविवार.
क्लबची फायनल. रुपरावला हरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वजीर उचलायला गेला आणि बोटं शेजारच्या हत्तीला लागली. मी लगेच म्हटलं, टच मूव्ह. तो म्हणाला, "माहा हात थरथरते गा, तुले मालूमच आहे."
मालूम आहे. पण नियम म्हणजे नियम. त्याने निमूट हत्ती खेळला आणि थोड्याच चालींत आटोपला. तसाही मीच जिंकणार होतो.
नूपुरला व्हिडिओ कॉलवर कप दाखवला. तिने विचारलं, रुपरावकाका ठीक आहेत ना. बापाचं अभिनंदन राहूनच गेलं.

११ जानेवारी.
रुपराव आला नाही. हार पचायला वेळ लागतो. फोन केला नाही, उगाच त्याला लाजल्यासारखं होईल.

१८ जानेवारी.
आजही नाही. संकल्प: कोणाची वाट न बघता एन्डगेम पक्का करायचा. क्लब बंद होईपर्यंत दाराकडे तोंड करून बसलो. तिथे उजेड चांगला येतो. बाकीच्यांना खेळता का विचारलं. एकाचं पोट बिघडलेलं, एकाचा नातू आलेला, एक चष्मा विसरलेला. सगळे मला घाबरलेत.

२५ जानेवारी.
सेक्रेटरी सुमंत बोलता बोलता सांगून गेला. रुपराव रविवारी हुडकेश्वरला क्लबच्या जुन्या मेंबरच्या, गिरिधरच्या घरी खेळतो. घड्याळ नाही, टच मूव्ह नाही, चाल परत घेता येते, वर तर्रीपोहे. याला काय बुद्धिबळ म्हणायचं? मला बोलावलं नाही ते बरंच झालं. नकार द्यावा लागला असता.

१ फेब्रुवारी.
भाजी घ्यायला हुडकेश्वरला गेलो. तिकडे ताजी मिळते. पिशवीत योगायोगाने पट होता. गिरिधरचं दार रुपरावनेच उघडलं. बस म्हणाला, पोहे दिले. मी म्हटलं, होऊन जाऊ दे एक डाव.
"तुह्यासंग बसलो का मले हाताकडंच पाहा लागते," तो म्हणाला. "जमत नाही गा आता."
रागावून म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. पोहे फार तिखट होते, म्हणून लवकर निघालो. भाजी राहिली.

८ फेब्रुवारी.
घरीच खेळलो. पांढरी मी, काळी रुपराव. जिंकत होतो. तेवढ्यात त्याची चाल करताना माझी बाही लागून काळा हत्ती पडला. नियमाने त्याने तोच खेळायला हवा. जरा वेळ थांबलो. मग हत्ती उचलून जागेवर ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "असू दे गा, लागते कधी कधी."
डाव रुपरावने जिंकला.
त्याला सांगावं म्हणून फोनला हात लावला. केला नाही. फोनला टच मूव्ह लागू नाही.