माझा पक्षी, अनंतरावांच्या नावावर

कर्वेनगर, पुणे
सोमवार, ९ ऑक्टोबर १९९५

चि. सर्जेराव यास,

आनंदीआक्काचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? शकू तेल चोळून देते, की अजून रुसलेलीच आहे? माझं म्हणशील तर प्रकृती उत्तम आहे आणि डोकं फिरलेलं आहे.

शेजारच्या नसीमबानूंनी (एकाच शाळेत आम्ही सव्वीस वर्षं खडू झिजवले) मला त्यांच्या पक्षीनिरीक्षण मंडळाच्या सहलीला गुहागरला नेलं. पावसाळा सरला की उत्तरेकडचे पक्षी थव्याथव्यांनी किनाऱ्याने खाली उतरतात, ते बघायला. मंडळाचे अध्यक्ष अनंतराव (निवृत्त उपअभियंता; निवृत्त झालात हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही) यांनी बसमध्येच माझ्या डाळिंबी साडीवर हरकत घेतली. पक्षी बिचकतात म्हणे! अरे, हिमालय ओलांडून आलेलं बदक माझ्या साडीला बिचकणार? चिवड्याची पिशवी जरा वाजली, तर मी देवळात चपला घालून शिरल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

रविवारी सकाळी दोन तास आम्ही कातळावर उभे. लांबवर फोडणीतल्या मोहरीएवढे ठिपके उडायचे आणि अनंतराव दुर्बिणीतून "कुरव! सुरय!" अशी नावं पुकारायचे. बाकीचे लिहून घ्यायचे. (मीही लिहिलं. काय लिहिलं ते विचारू नकोस.) तेवढ्यात मला, सर्जेराव, मला, लाटांवर एकटाच बसलेला मोठा पांढरा पक्षी दिसला. मान ताठ, कुणाची पर्वा नाही. मी म्हटलं, "अनंतराव, तो कोण हो?"

"बदक असेल. आणि बोट दाखवू नका."

मग त्यांनी दुर्बीण तिकडे वळवली, आणि डोळ्यांवरून काढलीच नाही. पाच मिनिटांनी जाहीर केलं, की हा भरसमुद्रातला पक्षी, वादळात भरकटलेला, या किनाऱ्यावर पहिल्यांदाच! सगळे टाळ्या वाजवायला लागले. नसीमबानूंनी फोटो काढला. वहीत नोंद झाली: प्रथम दर्शन, अनंतराव. मी म्हटलं, "अहो, दिसला तर मला!" तर म्हणतात, "आनंदीबाई, दिसणं वेगळं, ओळखणं वेगळं."

परतताना चिपळूणला त्यांनी पेढे घेतले. मला देताना म्हणाले, "घ्या, तुम्हीही होतात ना तिथे." तुम्हीही! पेढा मी खाल्ला, पण रागाने खाल्ला. काल रात्रीपासून जेवणावर वासना नाही. असो. मला कुणाकडून काही नको, फक्त तुझ्या कानावर घातलं.

तुझी,
आनंदीआक्का

ता.क. मंडळाचा दिवाळी अंक तुझ्याच छापखान्यात आहे असं नसीमबानू म्हणाल्या. त्यात या पक्ष्यावर अनंतरावांचा लेख येणार आहे. जिथे त्यांचं नाव असेल तिथे माझं घाल. अक्षरांचे खिळे जुळवताना माणसाच्या हातून चूक होतेच. अध्यक्षांना मी बघून घेईन.

ता.क. (गुरुवार) बरं झालं, पाकीट टाकायचं राहिलं होतं. नसीमबानूंचे भाऊ शमशुद्दीन यांनी आपल्या स्टुडिओत तो फोटो मोठा करून आणला. पक्षी कसला, कोळी लोक मासेमारीच्या जाळ्याला बांधतात तो थर्माकोलचा ठोकळा आहे. मान म्हणजे काठी, आणि गळ्यात निळी दोरी. तेव्हा वरचं सगळं विसर. नाव अनंतरावांचंच राहू दे, दुसऱ्याचं श्रेय घेणं आपल्या घराण्यात नाही. जमल्यास ठळक टाइपात घे. आणि अंक निघाला की पंचवीस प्रती आधी माझ्याकडे पाठव. वाटायच्या आहेत.