बिजागरीला तेल न घालण्याबाबत

मी, अन्नपूर्णाबाई भ्र. शिवशंकर बिरादार, वय ६७, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, रा. लातूर, सिद्धेश्वराला स्मरून, पूर्ण शुद्धीत, कुणी दटावलेले नसताना लिहून ठेवते ऐसे की :

१. माझे सोने कन्या दामिनी हिला. बँकेतली ठेव दामिनी व चिरंजीव भुजंग यांनी निम्मी-निम्मी घ्यावी, भांडू नये. पासबुक तांदळाच्या डब्यात आहे.

२. भुजंगचे ड्रम. हा मुलगा कॉलेजात केस वाढवून रॉक नावाचे संगीत बडवीत असे. आता मुंबईत सिनेमा-मालिकांना वातावरणाचे संगीत देतो. म्हणजे भूत यायच्या आधी जे "हूंऽऽ" होते, ते हा करतो. मोठ्या ड्रमात मी तूरडाळ ठेवते. ड्रमसोबतच्या पितळी थाळ्यांवर सांडगे झकास वाळतात. हा सर्व संच शेजारीण केवळाबाई हिला द्यावा. "अन्नपूर्णे, पोरगं बडवायलंय का आमचा जीव घ्यायलंय?" असे ती भिंतीवरून ओरडायची. आता त्याचीच मालिका बघते आणि भिऊन माझ्याकडे झोपायला येते. डाळ तेवढी आधी काढून घ्यावी.

३. घर दामिनीला. अट एकच : पुढच्या दाराच्या बिजागरीला तेल घालू नये. ते दार करकरते, आणि तीच करकर भुजंगच्या मालिकेत भूत येताना वाजते. दामिनी म्हणते, "आई, थेंबभर तेलाला काय कंजुषी गं? लोक हसायलेत." हसू देत. सणावाराला "लई काम हाय, जमत न्हाई" म्हणणारा भुजंग त्या आवाजासाठी येतो. आवाज भरून घ्यायचे मशीन लावतो आणि म्हणतो, "आई, तू बोलू नको." मी बोलत नाही. मग जेवतो, दोन दिवस राहतो.

मागच्या खेपेला म्हणाला, "आई, आता आवाज भरपूर जमा झाला." तो गेल्यावर मी बिजागरीवर मिठाचे पाणी शिंपडत राहिले. गंज चढला, करकर पार बदलली. फोनवर ऐकवली. लगेच गाडी पकडून हजर! दामिनीने अधूनमधून हेच करावे, म्हणजे भाऊ येत राहील. हे कलम भुजंगला वाचून दाखवू नये.

४. मला नेताना "हूंऽऽ" लावू नये. भुजंगने केवळाबाईकडून ड्रम मागून आणून भजनाला ठेका धरावा, जोरात. मला त्याच दारातून न्यावे. दार उघडताना त्याने मशीन खुशाल लावावी. मी बोलणार नाही.

सही : अन्नपूर्णाबाई बिरादार

साक्षीदार :
१. जिलानी शेख, टीव्ही दुरुस्ती
२. दीपमाला स्वामी, भजनी मंडळ

(केवळाबाईला साक्षीदार केलेले नाही. आधी कळले तर ड्रम घेणार नाही.)

मु. लातूर, दि. ९ फेब्रुवारी २०२६