सरबतात लोखंड

प्रिय आई,

तुमच्या चहातली ती शुगरफ्रीची गोळी चांगली की वाईट, हे तुम्ही फोनवर दर वेळी विचारता आणि मी दर वेळी विषय बदलते. खरं सांगू? छातीठोकपणे उत्तर द्यायला मला अजून जमत नाही. साखर कमी केलेली बरी, इतकं नक्की. पण तिच्या जागी वर्षानुवर्षं गोळी घेत राहिलं तर वजनाचं आणि रक्तातल्या साखरेचं काय होतं, यावर आमचे मोठे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ बाई जेवणाच्या सुट्टीत तावातावाने भांडतात. म्हणून तर आमच्या संस्थेत हा प्रयोग चाललाय. अर्ध्या लोकांना सहा महिने साखरेचं सरबत, अर्ध्यांना कृत्रिम गोडव्याचं, आणि कोणाला काय मिळतंय हे ना देणाऱ्याला ठाऊक ना पिणाऱ्याला. तोवर तुम्ही तुमच्या डॉक्टरांचं ऐका, शेजारच्या काकूंचं नको.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे. आमच्या सूनबाईला सरबत पिण्याचा पगार मिळतो, असं तुम्हीच सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलंय. दोन्ही सरबतं चवीला इतकी सारखी करायची की पिणाऱ्याला सुगावा लागू नये. कृत्रिम गोडवा जिभेवर उशिरा येतो आणि एकदा आला की चिकट पाहुण्यासारखा हलत नाही. मग कुठे लिंबू वाढव, कुठे चिमूटभर मीठ घाल. चव घेणाऱ्या आम्हा पाचजणांत शेवटचा शब्द माझ्या जिभेचा, आणि त्या जिभेच्या जोरावर मी जरा ताठ्यातच वावरत होते म्हणा ना.

नेमकं बाटल्या भरायच्या आठवड्यात मला सरबतात लोखंड लागायला लागलं. आधी कृत्रिम गोडव्याच्या सरबतात लागलं, तेव्हा सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी साखरेच्या सरबतातही लागलं, तेव्हा ते एकमेकांकडे बघायला लागले. बाकी चौघांना काहीच लागत नव्हतं. तरी माझ्या शब्दाखातर भांडी बदलली, पावडरीचं पोतं परत गेलं, नळाचं पाणी तपासायला गेलं. घरी तुमच्या लेकाने तर कहर केला. चहाही लोखंडी लागतो म्हटल्यावर त्याने किटली फेकली, नवी आणली, तीही फेकली. मग पाना घेऊन सिंकखाली उताणा पडला आणि स्वयंपाकघराचं तळं करून ठेवलं.

मी हसत होते, पण आतून धाबं दणाणलं होतं. जीभच गेली तर मी करू काय? दुसरं काही मी शिकलेच नाही. सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा राजीनाम्याचा मजकूर मनात तयार करूनच गेले. त्यांनी सरबताचं नावच काढलं नाही. हे कधीपासून, वास कसे येतात, सकाळी कसं वाटतं, असं विचारत गेले आणि एक तपासणी करून यायला सांगितलं. दुपारी रिपोर्ट हातात पडला आणि मी जिन्यातच बसकण मारली. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला चव घेणाऱ्यांतून काढून टाकलं, कारण नियमच तसा आहे. हाकललं म्हणून इतकी खूश झालेली बाई त्या इमारतीने पाहिली नसेल. आता मी नुसती आकडेमोड बघते, आणि सरबत पहिल्यापासून बरोबरच होतं हे चौघंजण मला उठता-बसता ऐकवतात.

तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. आई, मला दिवस गेलेत. ती लोखंडाची चव त्यानेच. काहीजणींना लागते म्हणे. तिसरा महिना सरला, काल डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले. तुमच्या लेकाला मी इतके दिवस फोनला हात लावू दिला नाही, कारण तुम्हाला हे मलाच सांगायचं होतं. मागच्या वेळी सगळं संपलं तेव्हा तुम्ही मिळेल त्या गाडीने आलात आणि दिवसेंदिवस माझ्या उशाशी नुसत्या बसून राहिलात. एक शब्द बोलला नाहीत, मलाही बोलायला लावलं नाहीत. त्यानंतर इतक्या वर्षांत कधी काही विचारलंही नाहीत. तुमच्या त्या न विचारण्याने मी पुन्हा उभी राहिले, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. आता बॅग भरा आणि या. आणि या वेळी गप्प बसायचं नाही, घर डोक्यावर घ्यायचं.

तुमचीच,
सूनबाई