उडवीचा प्रश्न कोणाचा

मी, अलाउद्दीन इलाही तांबोळी, वय वर्षे चौपन्न, धंदा फौजदारी वकिली, राहणार पौड, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, लिहून ठेवतो की, गेल्या सोमवारपासून डॉक्टरांनी माझ्या चहातली साखर बंद केली आहे. रंगेहाथ सापडलेल्या चोरालासुद्धा ‘तुझे काय म्हणणे आहे’ असे विचारतात. मला विचारले नाही. हुकूम एकतर्फी झाला, त्यावर अपील नाही आणि अंमलबजावणी पत्नी दिलशाद हिच्याकडे आहे. बाकी माझी बुद्धी शाबूत आहे व माझ्यावर कोणाचा दाब नाही.

१. आमच्या कायद्याप्रमाणे मिळकतीच्या एक-तृतीयांशापलीकडे मला मृत्युपत्राने काही देता येत नाही. उरलेले पत्नी, मुलगा अन्वर आणि मुलगी आबेदा यांना कायद्यानेच जाईल. मत्सराला अशी मर्यादा नाही. तो माझा स्वकष्टार्जित असून मी तो संपूर्णपणे मुंबईचे अॅडव्होकेट जयवंत रेगे यांच्या नावे करतो.

२. माझा काळा कोट कारकून साहेबराव यांस द्यावा. कोपरे विरले आहेत. खिसे नवेच आहेत. त्यांत फारसे काही पडले नाही.

३. सोमनाथ शेडगे याच्या अपिलाच्या निकालाची नक्कल रेगेंना द्यावी. ‘विद्वान वकील श्री. रेगे यांनी अचूक बोट ठेवले’ या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ आहे. ती मी किती वेळा ओढली, हे कागदाला पडलेल्या भोकावरून कळेल.

“अहो, मरताना तरी रेगेभावजींना सोडा की,” दिलशाद आत्ताच म्हणाली.

सोडतो. पण आधी पुरावा.

रेगे माझे वर्गमित्र. माझ्या टिपणांवर पास झाले आणि हायकोर्टात अपिले चालवू लागले. साक्षीदाराच्या तोंडचा तंबाखूचा वास घ्यायचा आम्ही. त्यांना खटल्याचे सगळे कागद टाइप करून, शिवून मिळतात.

१९७३ साली सोमनाथवर भावकीतल्या एकाच्या खुनाचा आरोप आला. शेजारी गेणबा याने पुण्याच्या सेशन कोर्टात शपथेवर सांगितले की, ओट्यावर बसून आपण खळ्यातला कोयत्याचा वार पाहिला. जेवणाच्या सुट्टीत सोमनाथची आई फुलाबाई माझ्या मागे लागली. “वकीलसायेब, त्याला इचारा, त्या दिशी उडवी कुटं व्हती?” उडवी म्हणजे झोडणीआधी रचलेली भाताच्या पेंढ्यांची रास. बाई गप्प व्हावी म्हणून मी विचारले. गेणबा म्हणाला, ओट्यासमोर, दोन पुरुष उंच. जबानीत उत्तरे सलग लिहून घेतात. प्रश्न कागदावर येत नाही, तो कोणाचा हे तर नाहीच.

जन्मठेप झाली. तीन वर्षांनी रेगेंनी हायकोर्टात ती एक ओळ वाचली आणि विचारले, एवढ्या उंच राशीआडचे खळे बसल्या जागेवरून दिसले कसे? सोमनाथ सुटला. रेगेंचे पत्र आले : ‘तांबोळी, तुझा प्रश्न लाखाचा होता.’ असल्या उदार माणसाचा मत्सर करताना फार कष्ट पडतात. मी उत्तर दिले नाही; खरे लिहावे लागले असते. वकिलांच्या खोलीत मात्र सात वर्षे सांगत आलो की, प्रश्न माझा आणि नाव रेगेंचे.

खरे असे की, युक्तिवादात मी ती ओळ उच्चारलीच नाही. तिचा अर्थच मला कळला नव्हता. मी उडव्यांमधून शाळेत गेलेला माणूस. रेगेंनी उडवी आजतागायत पाहिली नसेल. मत्सर आहे तो याचा. सोमनाथची तीन वर्षे मात्र येरवड्याला गेली.

४. हे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. आज फुलाबाईंना घरी बोलावून वरील सर्व मजकूर वाचून दाखवला.

“व्हय, म्याच सांगितलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “पर तवा तुमी हसला व्हता.”

“मला आठवत नाही.”

“मला हाय की ध्यानात.”

हसलो असेन. तेही लिहिले. त्यानंतर त्यांच्यासमोर माझ्याकडील खटल्याच्या नस्तीत, जबानीच्या पानाला, पुढील चिठ्ठी डकवली व तिची एक नक्कल रेगेंना रजिस्टर पोस्टाने पाठवली :

प्रश्न, आरोपीची आई फुलाबाई यांचा : त्या दिशी उडवी कुटं व्हती?

साक्षीदार :
१. वाल्मीक बहिरू कांबळे, स्टॅम्पविक्रेता, पौड. सही.
२. फुलाबाई कोंडिबा शेडगे. डाव्या हाताचा अंगठा. मजकूर वाचून दाखवला, कबूल.

लिहून ठेवणार : अ. इ. तांबोळी
पौड, १८ नोव्हेंबर १९८३