तत्त्वज्ञ राजा आणि व्हॉल्व्हची चावी

२ एप्रिल २००६, रविवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. आजवरच्या सगळ्या रोजनिश्या जानेवारीत सुरू केल्या, म्हणून बंद पडल्या. एप्रिलात तो धोका नाही.
रद्दीवाल्याकडून एक जाड पुस्तक आणलं. कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत, त्यातच लेखकाचं नाव गेलं. एक ग्रीक माणूस न्याय म्हणजे काय आणि आदर्श नगर कसं असावं हे दोस्तांना समजावून सांगतो. दोस्त दर पानाला 'अगदी बरोबर' म्हणतात. असे दोस्त आमच्या घाटंजीत मिळत नाहीत. समजावणाऱ्या त्या माणसाला मी ग्रीकबुवा म्हणणार.
संकल्प : आमची तुळजाई कॉलनी आदर्श नगर करायची. पावसाळ्याच्या आत.
बायकोला, शुभदाला, सांगितलं. ती म्हणाली, नगर मागाहून करा, आधी नळाचं पाहा. कॉलनीत बोअर एकच आणि आपलं घर वरच्या ओळीत, अगदी टोकाला. खालच्या ओळीत लोक अंगण धुतात, आमचा नळ नुसता खोकतो. शुभदा रोज खालून सदाशिवरावांच्या नळावरून दोन हंडे आणते. चढ आहे. तिचा खांदा दुखतो म्हणते. पुस्तकात खांद्यावर काही नाही.

४ एप्रिल, मंगळवार.
ग्रीकबुवा म्हणतात, देवानं माणसं घडवताना काहींत सोनं मिसळलं, काहींत चांदी, उरलेल्यांत लोखंड आणि पितळ. सोन्यानं राज्य करायचं, चांदीनं रक्षण, बाकीच्यांनी शेती-धंदा. वाचून उभाच राहिलो. हे तर ग्रेडिंग आहे. कापूस खरेदी केंद्रावर जन्मभर मी दुसरं काय केलं? बैलबंडीतला कापूस चिमटीत घ्यायचा, धागा ओढून पाहायचा, ग्रेड सांगायची. ग्रेड कमी लावली की लोक शिव्या द्यायचे. यंदा केंद्राचा भाव असा पडला की लोक व्यापाऱ्याला माल घालून मोकळे झाले, आमच्या काट्यावर मांजर झोपायचं. शिव्या द्यायलाही कोणी आलं नाही. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. माणसाला कोणीतरी विचारायला पाहिजे.
कॉलनीचं ग्रेडिंग :
मी – सोनं. (दोनदा तपासलं.)
देवीलाल, कॉलनीचे अध्यक्ष – चांदी.
स्वानंद, शेजारी, बँकेत कॅशियर, कविता करतो – पितळ.
सदाशिवराव, तहसीलमधून रिटायर – लोखंड. गंज धरलेलं.
शुभदा – चांदी.
रात्री भाजीत मीठ जास्त. शुभदा – लोखंड.

७ एप्रिल, शुक्रवार.
न्यायाची व्याख्या सापडली. ज्यानं त्यानं आपापलं काम करावं, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये. इतकं सोपं असून लोक कोर्टात का जातात कळत नाही.
शुभदानं भाजीबाजारात जायला सांगितलं. भाजी आणणं हे सोन्याचं काम नाही, हे तिला शांतपणे समजावलं. तिनं विचारलं, मग मी कोण? प्रांजळपणे सांगितलं.
रात्री मुरमुरे खाल्ले. ग्रीकबुवाही साधाच आहार सांगतात.

९ एप्रिल, रविवार.
राज्यकर्त्याला खाजगी मालमत्ता नसावी, सगळं सामायिक. सदाशिवरावांना हे पटवायला तासभर लागेल असा अंदाज होता. लगेच पटलं. जाताना आमचा कूलर घेऊन गेले. म्हणाले, तसाही तुमच्याइथं टाकाले पाणी नाही, पडूनच राह्यते ना तो.
शुभदाचं आणि माझं बोलणं बंद. म्हणजे तिचं.

१० एप्रिल, सोमवार.
लोडशेडिंग. ग्रीकबुवांच्या गुहेतले कैदी भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं जग समजतात. मेणबत्तीपुढे बोटांचा ससा करून शुभदाला हे दाखवलं. ती बोलली. म्हणाली, त्या गुहेत पाणी कोण भरत होतं? पुस्तक चाळलं. दिलेलं नाही.

१३ एप्रिल, गुरुवार. हनुमान जयंती.
कॉलनीची पंगत. बुंदी आली. मी रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला, नको म्हणालो. वाढणाऱ्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा नको म्हणालो. तिसऱ्यांदा घ्यायची, ही आपली पद्धत. तिसऱ्यांदा येईपर्यंत बुंदी संपली. शेजारी सदाशिवराव. कोणी विचारायच्या आधीच ताट पुढे. त्यांनी तीनदा घेतली, त्यातली एक खेप माझीच असणार.
संस्कार नावाची गोष्ट असते. लोखंडात ती नसते.

१७ एप्रिल, सोमवार.
मोठी बातमी. देवीलाल मुलाकडे मुकुटबनला कायमचे चालले. तीस तारखेला मारुतीच्या सभामंडपात सभा, नवा अध्यक्ष निवडायचा. अध्यक्षाकडे व्हॉल्व्हची चावी असते. ज्याच्या हातात चावी, तो म्हणेल त्या ओळीला पाणी.
शुभदा आपण होऊन बोलली. म्हणाली, तुम्ही घ्या ना जी ते, तुम्हाला देतील. एवढ्या मऊ आवाजात ती लग्नानंतर पहिल्या वर्षी बोलायची. मला भरून आलं. ग्रेड सुधारली : शुभदा – चांदी, वरच्या प्रतीची.

१८ एप्रिल, मंगळवार.
पुस्तकात नेमकं तेच पान उघडलं. ज्याला राज्य हवंसं वाटतं, तो राज्याला नालायक. खरा तत्त्वज्ञ नकोच म्हणतो, त्याला बळजबरीनं गादीवर बसवावं लागतं. म्हणजे ग्रीसमध्येही आग्रहाची पद्धत होती. आनंद झाला.
योजना : देवीलाल माझं नाव सुचवतील. मी नको म्हणणार. स्वानंद आग्रह करेल. मी पुन्हा नको. मग सगळी सभा आग्रह करेल. मी जड मनानं चावी स्वीकारणार.
स्वानंदला सांगून ठेवलं. तो आनंदानं तयार झाला.

२१ एप्रिल, शुक्रवार.
पुढचं प्रकरण वाचलं. आदर्श नगरातून कवींना हद्दपार करावं. तत्त्वात तडजोड नको, म्हणून संध्याकाळी स्वानंदला भेटून कळवलं. व्यक्तिशः राग नाही, हेही सांगितलं. कॉलनीच्या कार्यक्रमांत यापुढे चारोळ्या बंद. त्यानं हातातली वही मिटली. समजूतदार पोरगा आहे.

२६ एप्रिल, बुधवार.
आरशासमोर नकाराचा सराव. हात जोडणं, मान किंचित डावीकडे, डोळे मिटलेले. डोळे मिटले की आग्रह करणाऱ्याला संकोच होत नाही.
शुभदानं पाहिलं. म्हणाली, कायले नाटकं करता, सरळ हो म्हणा. तिला म्हटलं, राज्यशास्त्र आहे हे. ती म्हणाली, मग मले दोन हंडे राज्यशास्त्र आणून द्या. खांद्याला झंडू बाम लावून बसली होती. थोडं वाईट वाटलं. पण चारच दिवस तर राहिले.

३० एप्रिल, रविवार. रात्री आठ.
सभा झाली. जसं घडलं तसं लिहितो.
देवीलाल म्हणाले, कमलाकरराव वाचणारे माणूस आहेत, त्यांनी चावी घ्यावी. मी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणालो, नको, मी कुठला, माझी योग्यता नाही. आवाज छान लागला. मागे बायकांच्या ओळीत कोणीतरी हळहळल्याचंही ऐकू आलं.
आता स्वानंदचा आग्रह येणार. डोळे मिटलेलेच ठेवले. एका डोळ्यानं पाहिलं, स्वानंद बंद पंख्याकडे पाहत होता. देवीलाल म्हणाले, बरं, जबरदस्ती नाही. देवीलाल माणूस चांगला, पण शेवटी चांदीच. सदाशिवराव म्हणाले, आणा इकडे. मी दुसरा डोळा उघडेपर्यंत चावी त्यांच्या खिशात होती. टाळ्या झाल्या. स्वानंदनं नव्या अध्यक्षांवर चारोळी म्हटली.
घरी येताना शुभदा पुढे चालत होती, मी मागे.

१ मे, सोमवार.
महाराष्ट्र दिन. शांत मनानं विचार केला. ग्रीकांनी आपल्या शहाण्याला विषाचा पेला दिला. मला तर चहाही मिळाला नाही. एकूण इतिहास तोच. लोक पस्तावतील आणि येतील.

५ मे, शुक्रवार. सकाळी साडेसात.
आले. सदाशिवराव स्वतः, हातात चावी. म्हणाले, तुमच्या ओळीले एकसाथ प्रेशर बसत नाही, एका येळी एकच घर भरते. रोज सकाळी तासभर तुमच्याइकडे सोडू का? वहिनी हंडे वाहून राह्यल्या, पाह्यलं नाही जात.
मन भरून आलं. गंज असला तरी आतून माणूस बरा आहे. आणि मी म्हणालो, नको नको, तुम्हाला कशाला तसदी.
कसं म्हणालो मलाच कळलं नाही. हातसुद्धा आडवा झाला होता.
ते म्हणाले, मोठ्या मनाचे आहा तुम्ही, मंग स्वानंदले देतो. आणि गेले. मी ओट्यावर थांबलो. दुसऱ्यांदा विचारायला वळतील असं वाटलं. वळले नाहीत.
मागे वळलो तर दारात शुभदा. सगळं ऐकलेलं. रागावली असती तर बरं झालं असतं. हंडा खाली ठेवून उंबऱ्यावर बसली आणि रडली. पाण्यासाठी कोणाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला. तोच दुखरा निघाला.

६ मे, शनिवार.
पहाटेपासून स्वानंदच्या घरातून बादल्या भरल्याचा आवाज. तो न्हाणीघरात अंघोळ करता करता कविता म्हणतो आहे. भिंत एकच, सगळं ऐकू येतं. यमक जुळत नाही, पाणी मात्र भरपूर आहे.
आठ वाजता शुभदानं विचारलं, चहा घेता का? तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणालो.
ती म्हणाली, मग पाणी आणा. आणि दोन्ही हंडे माझ्यापुढे ठेवले.