येळवशीला घरी कोण होतं

माय, फार उशिरा लिहितोय, रागावू नको. तू होतीस तेव्हा लातूरच्या धान्याच्या मोंढ्यातून तुला दोन ओळी धाडणं मला जमलं नाही, आणि आता तू नाहीस तर कागद घेऊन बसलोय. माझी शाळा सातवीतच सुटली, म्हणून सावकाश लिहितो.

तुझी नात लग्न करून अमेरिकेला गेली. नवरा तिकडचाच नागरिक झालेला. तो मारायचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आता ती पोराला घेऊन वेगळी राहते. असा छळ झालेल्या बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय तिथे कायमचं राहण्याचा अर्ज करता येतो म्हणे. तो तिने केलाय. मंजूर झाला तर दोघं मायलेक तिथे राहतील. नाही झाला तर तिला परत यावं लागेल, आणि नवरा म्हणतो, पोर माझ्याजवळच राहील. अर्जाला जन्माचा दाखला लागतो. आपल्या गावात तेव्हा नोंद कोण करत होतं? म्हणून बापाने शपथेवर लिहून द्यायचं ठरलं. कोर्टाबाहेर टाइप करणाऱ्याने विचारलं, "बाबा, जन्म कवाचा?" मी म्हणालो, "येळवशीचा." त्याने त्या वर्षीची वेळ अमावस्या मोबाइलवर शोधून तारीख घातली, मी सही केली, कागद गेला. पोरीच्या बाकी सगळ्या कागदांवर एक जून आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लातूरच्या शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्याच पोरांना घालायचे तशी तीच तारीख घातली होती.

तिचा फोन आला. "बाबा, हे काय केलंत? आता ते विचारतात, बाप खोटा का लेक खोटी?"

"मी खरं सांगितलं गं."

"इतकी वर्षं एक जूनला पेढे वाटत आलात, तेव्हा कुठं होतं खरं?" पाठीमागे लेकरू काहीतरी मागत होतं. "इथली वकीलबाई म्हणते, जन्माच्या वेळी घरात असलेलं दुसरं कोणी लिहून देत असेल तर बघा."

घरात कोण होतं, माय? येळवशीला गावात कोण राहतं? अख्खं गाव शेतात, कडब्याच्या कोपीपुढे भज्जी-आंबील खात बसलेलं. सुनेचे दिवस भरलेले, म्हणून तुम्ही दोघीच घरी. मी दिवस कलल्यावर जीपने पोचलो तर तू दारातच अडवलंस. "आता आलास व्हय? लेक काय तुझी वाट बघत बसणार हाय पोटात? हात धू आधी, मोंढ्याची धूळ घिऊन आलाय!" चुलीजवळ बसतो, तू करपलेली भाकरी माझ्यापुढे सरकवतेस. "तव्यावर हुती तवाच आली बघ. तुझ्या लेकीनं करपवली, तूच खा." मी खातो. इतकी कडू भाकरी मी एवढ्या आवडीने कधी खाल्ली नाही.

पोर चालायला लागल्यावर मी दोघींना लातूरला आणलं. तू आली नाहीस. मग भूकंप झाला, गाव गेलं, तूही गेलीस. तुझी सून चार वर्षांखाली गेली.

परवा किल्लारीकडे जाऊन आलो. आपल्या शेजारचा शेतकरी नव्या वसाहतीत बाजेवर बसलेला भेटला. म्हणाला, "आम्ही समदे रानात हुतो की गा. तुझ्या मायनं त्या साली आंबील धाडली न्हाई म्हणून लई बोंबललो हुतो, येवढं ध्यानात हाय."

"तेवढं तरी लिहून देतोस?"

"काय लिहू? आंबील आली न्हाई म्हणून?" तो हसला. माझ्याकडे बघून मग त्याने कागद पुढे ओढला. त्याने अंगठा दिला, तो कागदही धाडला. वकीलबाई म्हणाली, हा माणूस घरात नव्हता. टाइपवाला म्हणतो, पैसे घेणारे साक्षीदार बाहेर उभेच असतात, एक पकडा. मला भ्या वाटतं. माझ्या खऱ्यानं एवढं झालं, खोट्यानं काय होईल?

हे पत्र टाकायला पत्ता नाही, पेटीतच ठेवीन. एक मात्र कोणाला बोललो नाही. रिकाम्या घरात जेवायला बसलो की वाटतं, अर्ज नामंजूर व्हावा, पोरगी घरी यावी. मग तिचं लेकरू आठवतं आणि मी ताट बाजूला सारतो.

माय, घरात तूच होतीस. कोणाच्या स्वप्नात ये, काहीही कर, पण लवकर कळव. ती तिकडे रोज विचारते, बाबा, कोणी भेटलं का?