डावा पावसाचा, उजवा गारांचा

आसाराम, आधी मला हे सांग, भर बाजारात उभं राहून माझ्या गुडघ्यांबद्दल बोलायला तुला कोणी सांगितलं होतं? आमच्या गुरांच्या छावणीवर पाण्याचा टँकर आणणारा बिभीषण नेकनुरात तुला भेटला. त्यानं सहज विचारलं, "जानकीआजीचा गुडघा लई वर्षांचा दुखतो का हो?" तर तू दात काढून म्हणालास, "आक्काचे गुडघे? लोखंडाचे हायेत. परवा-परवापर्यंत बोरीच्या झाडावर चढत हुती." अरे, बोरीवर मी चढते की बाभळीवर, ते त्या टँकरवाल्याला कावून पाहिजे? त्यानं ते पाण्याबरोबर इथं आणून ओतलं, आणि पाण्यापेक्षा ते आधी सगळ्यांना पोचलं.

असो. पत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला कळतं. दुसरीत मास्तरांनी शिकवलं होतं, आधी आशीर्वाद, मग खुशाली, मग काम. तिसरीत गेले असते तर भांडण कुठं घालायचं तेही शिकवलं असतं. तर चिरंजीव आसारामास जानकीचे आशीर्वाद (निम्मेच, उरलेले तुझं वागणं बघून). कौशल्याबाईला मात्र भरून. तुझा खोकला, तिची कंबर आणि ती तुमची एका शिंगाची शेळी, तिघंही जागच्या जागी असतील असं धरून चालते. माझी तब्येत गुडघा सोडून उत्तम आहे. गुडघ्याचं पुढं येतं, दम धर.

फोन का केला नाही म्हणशील. तुला ऐकू कमी येतं, म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की उसाच्या वाढ्यासाठी, म्हणजे वैरणीसाठी, रांगेत उभी असलेली सगळी माणसं कान टवकारून उभी राहतात. इथं दुसरी करमणूक काय आहे? म्हणून हे पत्र. दगडाबाई लेकीकडं नेकनूरला निघाली आहे, तिच्या हाती देते. तिला वाचता येत नाही आणि येतंय असं ती दाखवतही नाही. असलं माणूस मिळत नाही.

तुला ठाऊकच आहे, यंदा पाऊस आलाच नाही, विहिरीत बादली टाकली की दगडाचा आवाज येतो. धाकटा आणि सून कोयता घेऊन कारखान्याला गेले, नातवंडंही त्यांच्याबरोबर. घरात मी आणि भुरी गाय. भुरीला घेऊन मी छावणीत आले. ही छावणी आमच्या दूध संस्थेनं काढली. संस्थेत दूध नाही, पण संस्था आहे, चेअरमन आहे, त्यामुळं काहीतरी चालवणं भाग होतं. चेअरमन म्हणजे आपला धर्मराज, सटवाचा पोरगा, लहानपणी माझ्या दारात बसून नाक ओढायचा तो. आता नाक तेवढंच ओढतो, पण खुर्चीवर बसून. जनावरांसाठी बांबूंवर हिरवी जाळी ताणली आहे, सगळी दावण तिच्याखाली. चेअरमनसाठी तेवढी एक पत्र्याची खोली. भुरी गाभण आहे, दिवस भरत आलेत. मी पहिल्याच दिवशी धर्मराजला म्हटलं, "हिला आत बांधू दे रे. थंडी बघ कशी पडती." तर म्हणाला, "आजी, हापिसात जनावर बांधायचा नियम न्हाई." मी आत बघितलं तर तिथं चेअरमन आणि दोन संचालक झोपले होते. पण नियम म्हणजे नियम.

आता हवामानवाल्यांचं सांगते. छावणीत बायकांना काम असतं. शेण उचला, पाणी आणा, वैरण टाका. बाप्यांना काही नसतं, म्हणून त्यांनी आभाळ धरलं. त्यांचा म्होरक्या आश्रुबा. त्याच्या फोनात तीन ठिकाणचं हवामान येतं, तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जुळत नाहीत म्हणूनच त्याला ती गोड लागतात. बांबूला त्यानं बायकोच्या जुन्या परकराची चिंधी बांधली आहे, वारा कळायला. (वारा कुठूनही येवो, बघणारे आधी परकर कुणाचा तेच विचारतात.) प्लॅस्टिकची बाटली कापून पावसाचं मोजमाप केलं आहे. तिच्यात आजवर एक सरडा पडला. तो पडला त्या दिवशीसुद्धा मंडळी जमून बघून गेली. दुसरा धुळाजी, मेंढरंवाला. तो मुंग्या बघतो. मुंग्या दिसल्या की वादळ येणार म्हणतो, नाही दिसल्या की म्हणतो, "बघा, लपल्या." गेली पंधरा वर्षं तो रोज वादळ सांगतो. कधीतरी येतंच, मग वर्षभर तेच सांगत फिरतो.

तर मागच्या आठवड्यात फोनात आलं, की खालून ओली हवा आणि वरून गार हवा एकमेकींना भिडणार, आणि मराठवाड्यात तुरळक ठिकाणी वादळ, पाऊस आणि गारा होण्याची शक्यता. झालं! पोरगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखी धावपळ सुरू. आपण तुरळकात येतो का नाही, यावर दोन दिवस भांडण चाललं. आश्रुबा दोन बोटांनी नकाशा ताणून ताणून दाखवायचा. इकडं पिवळा डाग, तिकडं नारंगी डाग, आणि आपली छावणी बरोबर मधल्या फटीत. त्याचा जीव कासावीस. एरवी वादळ म्हटलं की लोक धास्तावतात, पण ज्याच्या रानात काही उगवलंच नाही त्याचं गारा काय झोडपणार? ज्वारी दोघा-चौघांचीच उभी आहे. ते बिचारे कोपऱ्यात बसून गप आणि बाकीचे गारा येणार म्हणून खूश. दुष्काळानं माणसाला कसली चैन करायला लावली बघ.

त्याच गडबडीत एका सकाळी रेंज गेली. मी शेणाची पाटी उचलून उठले आणि सवयीनं तोंडातून निघालं, "आई गं, गुडघा." आश्रुबानं मान अशी वळवली की मला वाटलं तुटली. "आजी, कंचा? डावा का उजवा?" उजव्यावर पाटी टेकली होती म्हणून मी म्हटलं डावा. "कवापासून?" म्हटलं, रातच्यापासून. तो तसाच धावत धर्मराजकडं गेला. तेव्हापासून रोज सकाळी बाप्यांची रांग माझ्यापुढं. "आजी, आज कसा हाय? कालच्यापरीस जास्त का कमी?" फोन म्हणतो चाळीस टक्के, धुळाजीच्या मुंग्या म्हणतात येणार, पण खरा भाव माझ्या गुडघ्याला. जन्मात मला कोणी विचारलं नव्हतं की बाई, तुला काय वाटतं. आणि आता विचारलं तर गुडघ्याला.

मग मीही म्हटलं, गुडघा थंडीत उघड्यावर बसून काय सांगणार? वारा लागला की त्याला वादळ कोणतं आणि साधी थंडी कोणती ते उमगत नाही. त्याला पत्र्याखाली ठेवावं लागेल. धर्मराजनं डोकं खाजवलं. मी म्हटलं, आणि गुडघा माझ्याबरोबर राहणार, मी भुरीबरोबर. तिच्या पोटाला पाठ टेकल्याशिवाय मला झोप नाही. त्याच संध्याकाळी बैठक बसली आणि ठराव झाला, की हवामानाच्या कामासाठी गुडघ्याच्या मुक्कामाची सोय करण्यात यावी. भुरीचं नावसुद्धा ठरावात नाही. पण चेअरमनचं टेबल बाहेर आलं आणि भुरी आत गेली. (पहिल्याच दिवशी तिनं संस्थापकांच्या तसबिरीचा हार खाल्ला. सुकलेला होता. तिला पचला.)

इथवर सगळं ठीक होतं. पण सहकाराची सवय वाईट. एक ठराव झाला की पोट भरत नाही. दुसऱ्या दिवशी सर्वसाधारण सभा. विषय, वादळ. हात वर करा म्हटलं, तर "वादळ येणार" हे बहुमतानं मंजूर झालं. विरोधात ज्वारीवाले तेवढे. आता वादळ नाही आलं तर ते संस्थेच्या विरोधात गेल्यासारखं होईल. मग आश्रुबा उभा राहिला आणि म्हणाला, वाऱ्यानं आपली जाळी उडून जाईल, फाटेल, दुसरी कोण देणार? तेव्हा वादळ यायच्या आधी जाळी उतरवून, घडी करून, नीट ठेवावी. टाळ्या!

मी मागून म्हटलं, "अरे आश्रुबा, छप्पर वाऱ्यानं नेऊ नये म्हणून आपणच काढून ठेवायचं? उद्या चोर येतील म्हणून भांडी उकिरड्यावर टाकशील का? गारा आल्या तर ती जाळी काय घडी करून बघत बसणार?"

सगळे हसले. धर्मराज म्हणाला, "आजी, तुमी गुडघ्यापुरतं बोला."

आणि उतरवली की जाळी! आता सगळी छावणी उघडी. दुपारी ऊन जनावरांच्या पाठी भाजतं, पहाटे दव पडून वासरं कुडकुडतात, आणि जाळी मात्र पत्र्याच्या खोलीत, घडी केलेली, भुरीच्या शेजारी सुखरूप. दोन दिवसांपूर्वी दुपारी एक काळा ढग आला. सगळे बाप्ये फोन वर धरून उभे, जसं हेलिकॉप्टर उतरणार आहे. ढग आमच्यावरून तसाच पुढं गेला. संध्याकाळी कळलं, चकलांब्याला गारा पडल्या, बोराएवढ्या. आश्रुबाला जेवण गेलं नाही. "चकलांब्यानं असं काय केलं होतं?" असं विचारत होता. आम्हाला एक वाऱ्याची भोवरी तेवढी मिळाली, ती त्याचा परकर घेऊन गेली.

त्यात तुझं बाजारातलं भाषण येऊन पोचलं. लोखंडाचे गुडघे! धुळाजी लगेच म्हणाला, "मी पयल्यापासून म्हणत हुतो, मुंग्याच खऱ्या." आणि आश्रुबाला आठवलं की मंगळवारी मी उजव्या पायानं लंगडत होते. लंगडले असेन. दोन पाय आहेत, रोज एकाच्याच वाट्याला कावून? मी तिथल्या तिथं सांगितलं, "डावा पावसाचा, उजवा गारांचा. मंगळवारी गारांचंच चाललं हुतं, म्हणून तर चकलांब्याला पडल्या." आश्रुबानं हात जोडले. पण धर्मराज चेअरमन आहे, त्याला खातरी करून घ्यायची हौस. तो म्हणाला, आजीच्या माहेरी जाऊन विचारू. गुडघा खोटा निघाला तर भुरी बाहेर आणि टेबल आत.

आता लिहिणं आवरतं घेते, दगडाबाई पिशवी घेऊन उभी आहे. सगळ्यांना माझा आशीर्वाद.

तुझी थोरली बहीण,
जानकी

ता. क. उद्या बाजाराच्या दिवशी धर्मराज आणि आश्रुबा तुझ्या दारात येतील. त्यांना सांगायचं, की आक्काचे गुडघे लहानपणापासून बोलतात. कसे ते नीट पाठ कर: डावा पावसाचा, उजवा गारांचा. उलटं केलंस तर भुरी उघड्यावर व्याली म्हणून समज. गुडघा खरा का खोटा, हे मला विचारू नकोस. लुगडं नेसलेल्या बाईचे गुडघे कोणी बघितलेत?

आणखी एक. वरचं लिहिलं ते सकाळी. दगडाबाईची गाडी चुकली, आता ती दुपारच्या गाडीनं निघेल. मधे भुरीला पाणी दाखवून आले. आसाराम, तुला म्हणून सांगते, आजवर माझा गुडघा कधीच दुखला नव्हता. पण आता डावा खरंच ठणकतो आहे. आधी वाटलं, चेअरमनच्या खुर्चीवर बसल्यानं असेल, तिची बैठकच वाईट. पण मघापासून उजव्यानंही धरलं आहे. भुरी दावं ओढते, आणि खालच्या अंगाला आभाळ शेकोटीच्या राखेसारखं झालं आहे. आश्रुबाचा फोन म्हणतो वीस टक्के. सगळी जनावरं उघड्यावर, दगडाबाईच्या दोन गाई, धुळाजीची कालची कोकरं. दुखतं म्हणून सांगितलं तर जाळी घडीतच राहणार. थांबलं म्हणून सांगितलं तर जाळी वर चढेल, पण भुरी बाहेर येईल, आणि तिचे दिवस आज-उद्याचे आहेत. दोन्ही बाजूंनी जुळवून बघितलं, जमत नाही. माझ्या गुडघ्याचं हे लोक ऐकतात, माझं ऐकत नाहीत.

म्हणून शेवटचं आणि कामाचं. दोन्ही धरलेत एवढंच मी त्यांना उद्या निघताना सांगते. त्यांना असं सांगायचं, की आमच्या आईच्या वेळेपासून घराण्याची रीत आहे, आक्काचे दोन्ही गुडघे एकदम धरले की छप्पर काढत नाहीत, आहे ते दुहेरी बांधतात, आणि घरात गाभण जनावर असेल ते त्या दिवशी जागचं हलवत नाहीत. एकदा हलवलं होतं, तर गावावर काय वेळ आली, ते डोळ्याला पदर लावून सांगायचं, म्हणजे ते दोघं जीप पळवत परत येतील आणि संध्याकाळच्या आत जाळी वर चढेल. असली कुठली रीत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि तुझ्या तोंडावर ते लगेच दिसतं. कौशल्याबाईच्या तोंडावर काहीच दिसत नाही. लग्नात ती तुला "आवडलास" म्हणाली तेव्हाच मी हेरलं होतं. तेव्हा उत्तर कौशल्याबाईनंच द्यायचं. तुला कोणी काही विचारलंच, तर तू फक्त खोकायचं.